धारणीच्या वाटेसाठी पाहिलेली मोटारसायकल

तुमच्यापैकी एकाने लांबच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल घ्यायचे ठरवले आहे आणि तिच्यात काय तपासावे, असे मला गमतीने विचारले आहे. मला त्याचे उत्तर गमतीने देता येत नाही. आयुष्यात एकदाच मी अशी गाडी पाहायला गेले होते, आणि ती आम्हाला फार हवी होती.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होते. तुमचे आजोबा धारणीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि कुनैन. आमचे पहिले मूल मेळघाटातच गेले. बाळंतपण अडले, मला बैलगाडीत घालून परतवाड्याकडे निघाले आणि सेमाडोहच्या अलीकडेच सगळे संपले. आजोबा वाटभर माझा हात धरून बसले होते. हत्यारे नसली की डॉक्टरलाही तेवढेच करता येते.

दुसऱ्या खेपेला दिवस भरत आले की आधीच अमरावतीला जाऊन राहावे, हा सरळ मार्ग होता. पण त्या वर्षी हिवतापाने आजोबांना दोनदा अंथरुणाला खिळवले होते, आणि त्यांना तिथे एकटे सोडायला मी तयार नव्हते. म्हणून त्यांनी साईडकारची मोटारसायकल घ्यायचे काढले. वेळ आली की मला त्यात बसवून घाट उतरायचा. अमरावतीला कॅम्पात एका लाकडाच्या ठेकेदाराकडे लष्कराने काढून टाकलेली एक गाडी होती.

आजोबांनी त्यांच्या थोरल्या भावाला, म्हणजे माझ्या भासऱ्यांना, अंजनगावाहून बोलावून घेतले. त्यांनी यंत्र कधी चालवले नव्हते, पण त्यांनी पाहिल्याशिवाय घरात बैलजोडी येत नसे. मग ही कशी येणार? आम्ही आदल्या दिवशी अमरावतीला येऊन ठेकेदाराला निरोप धाडला आणि पहाटेच गेलो. भासऱ्यांनी कोणाशी रामराम करण्याआधी इंजिनावर तळहात ठेवला.

"हे तं तापेल हाय," ते म्हणाले. "लंगडा बैल असाच आनतात बाजारात. गिऱ्हाईक याच्या आंधी कोसभर चालवून."

"पाटील, फटफटी हाय हे," ठेकेदार हसला. "बैल नोहे."

"म्हनूनच म्हनतो. बैल तरी लाजते."

लंगड्या बैलाचे अंग तापले की लंगडणे दिसेनासे होते. गाडीचेही तेच. थंड असताना ती कशी सुरू होते, हे पाहायचे असते. भासरे ओसरीवर मांडी घालून बसले, दोन वेळा चहा प्याले, आणि इंजिन पुरते निवल्यावर उठले. मग आजोबांनी किक मारायला घेतली. सदरा घामाने भिजला तेव्हा गाडी धडधडली, आणि मागून निळा धूर आला.

"तेल बदललं की जाईल," आजोबा म्हणाले. ठेकेदाराच्या आधी ते स्वतःच म्हणाले.

भासरे वाकून खाली तेल गळते का पाहत होते, चाके हलवून पाहत होते, चाकाची एकेक तार नखाने वाजवत होते. एक तार बद्द वाजली तेव्हा त्यांनी मान हलवली. तेवढ्यात आजोबांनी दोन्ही हातांनी हँडल धरले आणि गाडी वळवायला लागले.

"झालं पाटील!" ठेकेदार ओरडला. "दावं धरलं तुमच्या भावानं!"

भासऱ्यांचा चेहरा उतरला. ठेकेदारही शेतकऱ्याच्याच घरचा. आमच्या भागातली रीत अशी की जनावर पुरते पाहून होईपर्यंत दाव्याला हात लावायचा नाही. हात लावला की सौदा पक्का, आणि तो कोणी कधी मोडला नव्हता.

"काहून रे डागदरा?" भासरे हळूच म्हणाले. "पाहनं तं होऊ द्याचं."

"आता काय पाहायचं, दादा? दुसरी गाडी आहे कुठे?"

मला मात्र एक जागा दिसली होती. सगळ्या गाडीचा रंग जुना, मातकट. फक्त साईडकारचा दांडा जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडला होता, तिथे वीतभर काळा रंग नवा चकाकत होता. मी आजोबांना खुणेने दाखवले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "ओरखडा असेल." लांबून पोराची चाल पाहून हिवतापाने त्याच्या पोटातली पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढली आहे हे ओळखणारा माणूस!

भासऱ्यांसमोर तोंड उघडायची तेव्हा पद्धत नव्हती. मी नागपूरला इंग्रजीत शिकले होते, तरी त्या अंगणात मला बोलता आले नाही. मी पदर सावरला आणि साईडकारमध्ये जाऊन बसले.

माझ्या भाराने गाडी कुरकुरली. नव्या रंगावर एक रेघ उठली आणि उघडली. रंगाखाली सांगाड्याची नळी अर्ध्यावर चिरलेली होती. आत नख गेले असते.

सगळ्यांनी ते पाहिले. ठेकेदार माझ्याकडे, मग माझ्या पोटाकडे पाहत राहिला. "बाई, उतरा तुमी," तो म्हणाला. पुढे येऊन त्याने आजोबांच्या हातातून हँडल काढून आपल्या हातात घेतले. "दावं मी वापस घेतलं. सौदा नाही झाला. माह्या घरी बी लेकी हायेत."

"इकाले काढली तवा नव्हत्या का?" भासऱ्यांनी विचारले. तो गाडी ढकलत मागे घेऊन गेला.

तेव्हा बाळा, गाडी थंड असतानाच पाहा. धूर पाहा, तारा वाजवून ऐक, आणि जुन्या अंगावर नवा रंग जिथे दिसेल तिथे थांब. शिवाय एकटा जाऊ नकोस. ज्याला गाडी हवीच असते त्याला तडा दिसत नाही, म्हणून तुझ्या मागे जी बसणार आहे तिलाही ने.

दुसरी गाडी मिळाली नाही. शेवटी हट्ट सोडून मी जावेबरोबर अमरावतीला खोली घेऊन राहिले, आणि आजोबा एकटेच धारणीला परत गेले. पौषात बाळंतपण पुन्हा अडले, पण दवाखाना हाकेच्या अंतरावर होता. तुमची आई रडली तेव्हा आजोबा तिकडे तापात होते. त्यांना रजा मिळाली तोवर ती मान धरू लागली होती. ते खंगलेले आले, आधी हात स्वच्छ धुतले, आणि मग बराच वेळ तिचे डोके तळव्यावर तोलत उभे राहिले.