त्याच्या नावाने जोडलेलं व्हीपीएन

फुलपाड्यात लोडशेडिंग सकाळचं असे. दिवे आले की मी कॉम्प्युटर लावायचो. ऑफिसने व्हीपीएन दिलं होतं. विरारच्या घरात बसून मुंबईतल्या सर्व्हरवरच्या फायली उघडता येत. तेव्हा त्याचं कौतुक होतं.

त्या रविवारी ते जोडेना. मोडेम बंद-चालू केला, वायर काढून लावली, पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकला. शेवटी ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तो माणिकपूरला राहायचा. चर्चमध्ये मुलीचं फर्स्ट कम्युनियन झालं होतं, मागे पाहुण्यांचा गलका.

"आजपण काम? बायकोने घराबाहेर काढलं काय रे?"

"अरे, आत घेतच नाही मला."

"माझ्या नावाने बघ." गलक्यात त्याने पासवर्ड ओरडूनच सांगितला. "आणि संध्याकाळी जेवायला ये."

त्याच्या नावानेही जोडलं नाही. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेकडे लक्ष गेलं. कॉम्प्युटरचं घड्याळ चालवणारा मदरबोर्डचा सेल संपला होता. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जायची, आणि तारीख चुकली की सर्व्हर आत घेत नसे. दुरुस्त केली. जोडलं. नावाच्या चौकटीत अजून त्याचंच नाव होतं. ते मी पाहिलं. बदलायचा कंटाळा केला.

जुना समजून सर्व्हरवरचा एक फोल्डर उडवला. संध्याकाळी त्याच्याकडे पोटभर जेवून आलो.

फोल्डरमध्ये सोमवारी भरायच्या टेंडरचे सगळे कागद होते. दुसरी प्रत नव्हती. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आम्हा दोघांसमोर लॉगची, कोण कधी आत आलं त्या नोंदींची, प्रिंट ठेवली.

"काल दुपारी तुम्ही आत होतात?" त्यांनी त्याला विचारलं.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी प्रिंटवरच्या ओळी वाचत होतो.

"नाव माझंच आहे, साहेब," तो म्हणाला.

महिनाअखेरीला त्याला काढलं. मला काही वाटलं नाही, हे खरं आहे. जेवण जात होतं, झोप लागत होती. त्याच्या खुर्चीवर कोण बसलं तेही आता आठवत नाही.

काही महिन्यांनी माणिकपूरच्या रिक्षास्टँडवर तो दिसला. हातात भाजीची पिशवी.

"का नाही बोललास रे?" त्याने विचारलं.

"मला वाटलं, तू सांगशील," मी म्हणालो.

"मी तुझी वाट बघत होतो," तो म्हणाला, आणि रिक्षात बसला.

तू सांगशील असं वाटलं, हे मी खोटंच बोललो. तो सांगणार नाही, हे मला साहेबांच्या टेबलापाशीच कळलं होतं. म्हणून तर गप्प बसलो.