गांजाला तंबाखूची घट

सकाळचे अकरा. निपाणी बसस्टँड. चिकोडीच्या गाडीत चार पोलीस चढले, साध्या कपड्यांत, गांजा धरायला. ठाण्याची जीप मंत्र्यांच्या बंदोबस्ताला गेली होती. मी मागच्या सीटवर होतो. कंडक्टरनं भरल्या गाडीत हवालदार कल्लाप्पांना विचारलं, "काय अण्णा, आज रेड कुठल्या स्टॉपला?"

बातमीदारीत माझे केस पांढरे झाले. बेळगावात कुणी स्टेजवरून 'ड्रग्जविरुद्ध युद्ध' पुकारलं, की इकडे असा एखादा किस्सा घडतोच. पण या एका केसनं तर कळस केला!

टीप शांताक्काची. घरी विड्या वळणारी बाई. तिचा थोरला लेक गांजात बुडालेला आणि विकणारा तिच्याच गल्लीतला. ठाण्यात जाऊन ती कल्लाप्पांना म्हणाली, "अण्णा, माझा तर गेल्यात जमा हाय. दुसऱ्यांची तरी वाचवा." कल्लाप्पांनी शब्द दिला, "आक्का, तुमचं नाव भाईर जाणार न्हाय."

रेडसाठी बेळगावहून कुत्रा मागवला होता. आदल्या दिवशी येणार होता, आलाच नाही. फोन केला तर उत्तर आलं, "कॅम्पातल्या शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आहे. कुत्रा प्रमुख पाहुणा आहे!"

शेवटी रेडच्या वेळी तो पोचला. गल्लीत दोन्ही बाजूंना तंबाखूची गोदामं. बिचारा शिंकून शिंकून बेजार! त्याला सांभाळणारा शिपाई वैतागला, तसे कल्लाप्पा म्हणाले, "अहो, हितं माणसाला घरात काय शिजलंय ते वासावरून कळत न्हाय, कुत्र्याला काय कळणार!"

माल सापडला तो शांताक्कानं सांगितलेल्या जागीच. पण मोजायचा कशावर? ठाण्याचा काटा बंद. मग शेजारच्या तंबाखू व्यापाऱ्याचा काटा आणला. व्यापारी आप्पा स्वतः वजनाला उभे राहिले. पोत्याचं वजन वजा केलं, ते ठीक. पण जन्माच्या सवयीनं ओलाव्याची घटही वजा केली आणि उरलेला आकडा मोठ्यानं पुकारला! पंचही तंबाखूतलेच. कुणाला काही खटकलं नाही. सह्या झाल्या.

गांजा वीस किलोच्या वर गेला की जामीन अवघड. आप्पांच्या घटीनं तो वीसच्या खाली आला.

मी आप्पांना गाठलं. "आप्पा, गांजाला घट कशी हो लावली?"

"मग? ओला माल पुऱ्या वजनानं कोण धरतंय?"

मी हे सगळं छापलं, शांताक्काचं नाव तेवढं सोडून. ठाण्याच्या साहेबांनी बोलावून घेतलं.

"ठाण्याला काटा का नाही?" मीच आधी विचारलं.

"प्रस्ताव वर गेलाय. तुम्ही पत्रकार लई निगेटिव्ह! दिलगिरी छापा."

"काटा आणा, साहेब. काट्याशेजारी उभा करून तुमचा फोटो पहिल्या पानावर छापतो. दिलगिरी नाही!"

पकडलेल्या गांजावाल्याला जामीन झाला, त्याच दुपारी तो सरळ शांताक्काच्या दारात उभा राहिला. ती मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. गल्लीतल्या बायका बघत होत्या.

"आक्का, माझं नाव तूच दिलंस न्हवं?"

ती उठली नाही. हातातली विडी पुरी वळली, दोरा बांधला.

"व्हय, मीच. परत माल आणलास तर परत जाईन. आता दारातनं बाजूला हो, उजेड अडतोय."

ती टीप द्यायला गेली तेव्हा त्या खोलीत पोलिसांशिवाय कुणी नव्हतं. तिचं नाव त्याला कुणी सांगितलं, हे मी ठाण्यात लेखी विचारलंय. उत्तर आलेलं नाही.