चिठ्ठीशिवाय काम नाही

निवृत्त झाल्यापासून खून, दरोडे सगळं हळूहळू पुसट होत चाललंय. पण ही एक घटना आठवली की आजही हातातला चहा खाली ठेवावा लागतो. कुणाचा खून झाला नव्हता. एक माणूस हरवला होता, एवढंच. आणि तो माझ्यामुळं हरवला होता.

धाराशिव जिल्ह्यात, कळंबच्या बाजूला एका बाजारगावाच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. गावात तीन डाळमिल होत्या. शेतातली कामं सरली की हाताला काम तिथंच, दुसरं काही नाही. एका सकाळी हजेरी आटोपून बसलो होतो, तर त्यातल्या एका मिलचा मालक आला. त्याच्या मशीनवाल्यानं मिलची मोटार चोरली, अशी त्याची तक्रार. गुन्हा दाखल करण्याआधी विचारपूस करावी म्हणून मी हवालदाराला त्या मशीनवाल्याच्या घरी पाठवलं. हवालदार परत आला तो त्याच्या बायकोला आणि लहान लेकीला घेऊनच.

"साहेब, काल सकाळी गेल्यात ह्ये, अजून पत्त्या न्हाय," बाई म्हणाली. "मोबाईल बी उशाखाली ठिवून गेल्यात."

पळून जाणारा चोर मोबाईल बंद करतो, नाहीतर फेकून देतो. जो नीट उशाखाली ठेवून जातो, त्याची मला नोकरीभर धास्ती वाटत आली. हरवल्याची नोंद केली, स्टेशन डायरीत लिहिलं आणि आसपासच्या विहिरी बघायला माणसं पाठवली. तेरच्या बाजूला नदीकाठही बघायला सांगितला. ठाण्यातला फोन वाजला की बाई उठून उभी राहायची. लेक बिस्कीट खात भिंतीवरचा नकाशा बघत बसली होती. मला तिच्याकडं बघवेना.

दुपारी अडत बाजारातला एक म्हातारा हमाल आला. अधूनमधून बातमी द्यायचा, पण फुकटचं कधी बोलायचा नाही. आत आला, दार लोटलं आणि उभ्यानंच म्हणाला, "चोरीबिरी काय न्हाय साहेब. त्यो परवा दुसऱ्या मिलमधी काम मागाय गेला हुता. तिथनं ह्याच्या मालकाला फोन गेला. मालकानं सगळ्यांदेखत दम दिला, आता पोलीसच बघतील तुझ्याकडं म्हणून. लई भ्याला बिचारा."

मी मिलमालकाला परत बोलावलं. आवाज चढवला नाही. पैसेवाल्या माणसाला साधे प्रश्नच जास्त जड जातात.

"मोटारीचं वजन किती?"

"असंल की सत्तर-ऐंशी किलो."

"आणि नेली कशावर?"

"त्याच्याकडं सायकल हाय."

"वा! सत्तर किलोची मोटार, सायकलवर, भर बाजारातून. आणि गावात एकानंही बघितली नाही? बिल दाखवा मोटारीचं."

बिल नव्हतं. मोटारच गेलेली नव्हती. मालक रुमाल काढून मान पुसायला लागला. शेवटी बोलला, "साहेब, आमचं तिघांचं ठरलंय. कुणाचा माणूस कुणी घ्यायचा न्हाय. एकानं घेतला की दुसऱ्यानं दिवसाचा रोज वाढवायचा, मग तिसऱ्यानं. आमी धंदा कसा करायचा? याला जरा जरब बसावी म्हणून अर्ज दिला. आन् आमी काय येगळं करतोय? तुमच्याच नोटिशीत लिवलंय की."

"कसली माझी नोटीस?"

त्यानं मोबाईलमधला फोटो पुढं केला. मिलच्या फाटकावर चिकटवलेला कागद, ठाण्याचा शिक्का आणि खाली माझी सही.

काही महिन्यांपूर्वी मिलमधून डाळीची पोती चोरीला गेली होती. तेव्हा मी तिघा मालकांची बैठक घेतली आणि नोटीस काढली: जुन्या मालकाची चिठ्ठी असल्याशिवाय नवा कामगार ठेवू नये. चोर सापडावेत एवढाच हेतू. मला तर ती मोठी अक्कलहुशारी वाटली होती! मालकांनी माना का डोलावल्या, हे तेव्हा कळलं नाही. कुणी रोज वाढवून मागितला की मालक म्हणायचा, जा की दुसरीकडं; आणि चिठ्ठी द्यायचा नाही. चिठ्ठीशिवाय दुसरा घ्यायचा नाही. तिन्ही मिलमधला रोज एकच, आणि कितीतरी दिवस तिथंच. अडवायला शिक्का सरकारचा.

त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर? हा एकच विचार डोक्यात घण घालत होता. दुसऱ्या दिवशी बायकोला खोदून विचारलं, तेव्हा मुरुमला त्याचा एक लांबचा मावसभाऊ असल्याचं तिला आठवलं. मी स्वतःच निघालो.

मुरुममध्ये एका डाळमिलच्या समोर, झाडाखाली तो बसलेला सापडला. जिवंत! पण वर्दी दिसताच तो भेदरला. दोन्ही हात जोडून तसाच बसून राहिला.

"साहेब, लेकीची आन, मोटार म्या न्हाय नेली."

"माहीत आहे. उठा. चोरीचा आळ खोटा आहे."

"मग पकडाय का आलात?"

"पकडायला नाही, घरी न्यायला आलोय. दोन दिवस इथं बसून काय करताय?"

"काम मागावं म्हणतोय. पर धाडस हुईना. चिठ्ठी न्हाय जवळ. आदीच एकदा बिगर चिठ्ठीचं काम मागून गुन्हा झालाय माझ्या हातनं."

त्याला तो गुन्हाच वाटत होता. गाडीत बसवलं, पाणी दिलं.

गावात आल्यावर तिन्ही फाटकांवरचे कागद मी स्वतः फाडले. खोटी तक्रार दिली म्हणून मालकावर कारवाई केली. कामगारांना बोलावून सांगितलं, कुठंही काम मागा, चिठ्ठी लागत नाही. दोघातिघांनी मिल बदललीही. पण मालकांचे आपसातले फोन काही मी बंद करू शकलो नाही. पोलिसाला कुलूप तोडलेलं दिसतं. तीन माणसांनी चहा पिताना ठरवलेला रोज दिसत नाही. त्याला हत्यार लागत नाही, आणि ठाणेदार भोळा असला तर शिक्काही आयता मिळतो. तेव्हापासून कुणी सुरक्षेसाठी म्हणून कागद मागितला की मी आधी विचारायला लागलो, यानं कुणाची वाट बंद होणार आहे?

पुढच्या आठवड्यात ती बाई परत आली. त्यांनी मुरुमला जायचं ठरवलं होतं.

"साहेब, येक कागद द्या," ती म्हणाली. "ह्यो माणूस कुठंबी काम मागू शकतो, आसं लिवून. तुमच्या सहीचा. नुसतं तोंडी सांगून ह्येंला पटंना."

असा कागद कुठल्याच कायद्यात बसत नाही. तरी मी लिहिला, शिक्का मारला. तिनं तो चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी खुर्ची मागं सारून उठलो, तिला वाकू दिलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तो मुरुमला कामाला लागल्याचं नंतर कळलं. पहिले कितीतरी दिवस तो कागद खिशात घालूनच कामावर जायचा म्हणे.