फोटोखालची भिंत

बायको गेली आणि तिच्यासाठी माझ्याबरोबर झुरणारं घरात एकच उरलं, मांजर. तिचंच होतं ते. डोळे न उघडलेलं पिल्लू तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. म्हातारं झालं तरी तिच्याच पायाशी झोपायचं. मला विचारत नव्हतं.

ती गेल्यावर काही महिन्यांनी मांजर तिच्या फोटोखाली जायला लागलं. भिंतीला कपाळ लावून उभं राहायचं. हाक मारली तरी हलायचं नाही. नाहीतर तिची खाट होती त्या जागी गोल गोल फिरायचं.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिच्या नावाची पहिली घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, विस्तवावर आगारीचा घास टाकला, तेवढ्यात मांजर आलं आणि सगळ्यांसमोर भिंतीला डोकं लावून उभं राहिलं. शेजारीण डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आबा, इले बठ्ठं समजस. अक्काले धुंडी राहिनी ती."

मलाही पटलं, मांजराला सगळं समजतं, ते बायकोलाच शोधतंय. चौथी शिकलेला माणूस मी, जन्म कापसाच्या जिनिंगमध्ये गेला. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी मांजराशेजारी बसायचो, बायकोचं बोलायचो. रडू आलं तर रडायचो. दोघं मिळून रडतो, असं वाटायचं.

धुळ्याला दिलेली मुलगी आखाजीला माहेरी आली होती. तिनं मोबाइलवर मांजराचा व्हिडिओ काढला. आठवण म्हणून, म्हणाली.

पावसाळा सरता सरता मांजराला झटका आला. पाय ताठ, तोंडाला फेस. टोपलीत घातलं आणि शिरपूरहून एसटीनं धुळे गाठलं. मुलगी स्टँडवर आली, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली. एक बाहुली बारीक झाली, दुसरी तशीच. डाव्या डोळ्याजवळ एकदम हात नेला, पापणी हलली नाही. डावा पंजा उलटा करून टेबलावर ठेवला, तर मांजरानं तो तसाच राहू दिला. धडधाकट मांजर लगेच सरळ करतं, म्हणाल्या. रक्त तपासलं. साखर, किडनी, सगळं ठीक.

"आबा, मेंदूत गाठ असावी. एकाच बाजूला फिरणं, भिंतीला डोकं दाबणं, त्याचीच लक्षणं. खात्री करायची तर भूल देऊन डोक्याचा एमआरआय करावा लागेल, मुंबईला." मग मुलीकडे वळल्या. "व्हिडिओ बघून मी तेव्हाच म्हटलं होतं ना, घेऊन या म्हणून?"

"तेव्हा म्हणजे कधी?" मी विचारलं.

"आखाजीनंतर लगेच."

मुलगी उगाच टोपलीचं झाकण नीट करत होती. "आबा, तुम्ही कुठं जरा दोन घास खायला लागला होता. कसं सांगू?"

"मांजर आजारी आहे, असं सांगायचं."

"आणि ते आईसाठी तिथं जात नाही, हेही?"

मुंबई नको म्हटलं. एवढं म्हातारं जनावर भूल सोसेल याची हमी बाईसुद्धा देईनात. मेंदूची सूज कमी करायच्या आणि झटक्याच्या गोळ्या घेऊन आलो.

घरी येऊन पहिलं काम काय केलं, तर फोटो काढून समोरच्या भिंतीला लावला आणि बसून राहिलो. मांजर उठलं. जुन्या भिंतीकडे गेलं आणि रिकाम्या खिळ्याखाली डोकं दाबून उभं राहिलं. फोटोकडे पाठ.

पोरीनं फसवलं, तिला निदान तोंडावर बोलता तरी येतं. मांजराला काय बोलू? त्याला तर काही ठाऊकच नव्हतं. इतक्या संध्याकाळी मी एकटाच रडत होतो.

घासून घासून त्याच्या कपाळावरचे केस गेलेत. बायकोच्या लुगड्यांची गोधडी होती, ती घडी करून भिंतीशी लावलीय. कपाळ सोलवटायला नको.

रोज मुलीचा फोन येतो. "आबा, गोळी दिली?"

"दिली."

"तुम्ही जेवलात?"

ते मी सांगत नाही. फोन ठेवतो.