महेंद्रच्या गाण्याचं शेवटचं कडवं

माझा धाकटा भाऊ महेंद्र. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढला, कुरकुंभच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. आन् गाणी करायचा, स्वतःची. गिटार आन् गाणं त्याचं, ड्रम गोकुळचा, दुसरी जाड आवाजाची गिटार साईची. बँडचं नाव अप-डाऊन. गोकुळच्या पिठाच्या गिरणीत सराव चालायचा, तिघं बी पांढरी होऊन घरी यायची.

सात वर्षं केलं. कुणी धड ऐकलं न्हाई. पुण्यात एका हाटेलात बोलावलं तर मॅनेजर म्हणला, आवाज कमी करा, गिऱ्हाइकाला बोलता येईना. शिरूरला हळदीत गेले तर नवरदेवाचा मामा म्हणला, "रडताय काय रं, कोण मेलं का? डीजे लावा." भीमजयंतीला आमच्याच वस्तीत चांगदेव आप्पांनी, आमच्या सख्ख्या चुलत्यानं, दुसऱ्या कडव्याला माईक काढून घेतला.

एकच गाणं सगळीकडं म्हणायचा. आई गेली तवा केलेलं. ते कायम अर्ध्यात बंद पडायचं. मला म्हणायचा, "आक्का, आई शेवटच्या कडव्यात येती. तिथपतूर कुणी येतच न्हाई. तू बी न्हाई. तुझा लगीच कुकर वाजतो."

जूनमध्ये कामावरनं येताना टँकरनं उडवला. एकतीस वर्षांचा होता.

पुण्यानुमोदनाला गोकुळ आन् साई सामान घेऊन आले. म्हणले, आक्का, आज त्याचं गाणं पुरं म्हणतो. मी व्हय म्हणले. वंदना झाली, मग भाषणं. आप्पा वीस मिनिटं बोलले, आम्ही महेंद्रला कायम पुढं केलं म्हणून. एक पुढारी आला, तो त्याला महेशच म्हणत राहिला. दीड वाजला. साईनं गाणं धरलं तवर माणसं मागं ताटांकडं बघाय लागली. माझी नणंद मांडवगणहून आल्याली. कानात म्हणली, "वहिनी, भात गार व्हतोय. पावनं उपाशी गेलं तर नाव तुमचं निघंल."

मी उठले. साईच्या हातातला माईक घेतला आन् म्हणले, सगळ्यांनी ज्येवून घ्या.

गोकुळ म्हणला, "आक्का, एकच कडवं राहिलंय."

"ज्येवल्यावर म्हणा."

पंगती वाढता वाढता बघितलं तर दोघं वायरी गुंडाळत होते. न ज्येवताच गेले.

परवा साईला फोन केला, म्हणलं, ते कडवं तेवढं सांग रं.

"आता कशाला, आक्का?" म्हणला आन् ठेवला.