शैलाताईंचे नऊ वाचक

परदेशात, अ‍ॅमस्टेलव्हीन गावी राहणारे हेमचंद्र राजवाडे हे शिस्तीचे गृहस्थ. दोन हजार सहाच्या उन्हाळ्यापर्यंत ते रोज सकाळी चहा घेऊन संगणकापुढे बसत आणि सतरा साइटना ओळीने भेट देत: दोन मराठी वृत्तपत्रं, क्रिकेट, इथलं हवामान वगैरे, आणि शेवटी पत्नी शैलाताईंचा पाककृतींचा ब्लॉग. नवीन काही असो नसो, हजेरी चुकत नसे. ब्लॉगवर तर ऑफिसातूनही आणि संध्याकाळी घरूनही फेऱ्या होत. त्याच्या तळाशी भेटींचा आकडा होता. रोज नऊ भेटी पडतात, ही माहिती शैलाताई पाहुण्यांना चहाबरोबर देत.

ऑफिसातल्या तरुण सारंगला ट्राममध्ये ही दिनचर्या कळली.

"काका, पेपर वाचायला रोज छापखान्यात जाता का?"

"नाही."

"मग साइटवर कशाला जाता? फीड घ्या. घरपोच येतं सगळं."

शनिवारी त्याने घरी येऊन दाखवलं. साइटवरचं नारिंगी चिन्ह दाबायचं, तिथला पत्ता उचलून फीड रीडरमध्ये चिकटवायचा. नवा मजकूर आपसूक तिथे येऊन पडतो. हेमचंद्रांनी सतराही पत्ते चिकटवले. सकाळचा तास बारा मिनिटांवर आला. उरलेल्या वेळाचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच फीडमध्ये आलं नाही.

दोन आठवड्यांनी शैलाताई जेवताना म्हणाल्या, "ब्लॉग बंद करतेय मी."

"का गं?"

"रोज एकच भेट पडते. नाशिकच्या वृंदाची. सख्खी बहीण, तिला सुटका नाही."

हेमचंद्रांचा घास हातातच राहिला. रीडरमध्ये वाचलं की ब्लॉगचं पान उघडत नाही, मग आकडा हलणार कसा? पण हे सांगायचं तर बाकीचे आठ कोण, तेही सांगावं लागणार.

"हल्ली लोक फीडवर वाचतात," ते म्हणाले. "ते मोजले जात नाहीत."

"कोण लोक?"

"लोक."

"अहो, तो आकडा गावाचं नावही दाखवतो. पाच अ‍ॅमस्टेलव्हीन, तीन तुमच्या ऑफिसचं गाव, एक नाशिक. पहिल्या दिवसापासून माहीत आहे मला."

"मग पाहुण्यांना नऊ कशाला सांगायचीस?"

"नऊ नव्हते का?" त्यांनी वाढायचा डाव खाली ठेवला. "जेवताना तुम्ही बरं म्हणत नाही, वाईट म्हणत नाही. म्हटलं, आठदा वाचतात तरी. तेही थांबलं, तर लिहू कुणासाठी?"

"थांबलो नाही गं. आंबाडीऐवजी रुबार्बचे आंबट देठ घालून केलेली भाजी वाचली की परवा."

"कशी होती?"

"लिहिलीस छान."

"मी भाजीचं विचारतेय."

हेमचंद्र हात धुऊन संगणकाकडे गेले. रीडरला वळसा घालून थेट ब्लॉगवर पोचले आणि वीस मिनिटं खर्चून आयुष्यातली पहिली प्रतिक्रिया लिहिली: "भाजी उत्तम. लसूण किंचित वाढवावा. एक वाचक."

उत्तर पाच मिनिटांत आलं: "वाचकांनी लसूण सोलून द्यावा."