एकसारख्या टाक्यांचा बैल

तांड्यापासून सहा किलोमीटर चालून झालं होतं आणि लालीबाई चौथ्यांदा रस्त्यात बसली. या वेळी नाल्यावरच्या पुलाच्या कठड्यावर.

शीला मॅडमनी घड्याळ पाहिलं. साडेआठ. महागाव अजून पाच किलोमीटर, आणि अकराला तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन सुरू होणार. सकाळची एसटी आलीच नव्हती. मुख्याध्यापक पोरं, तक्ते, चकतीचा पुठ्ठा आणि मोठा आरसा घेऊन कालच जीपने गेले होते. मागे राहिल्या त्या मॅडम, लालीबाई आणि लालीबाईच्या मांडीवरचं ताटाएवढं गोल कापड.

कापडावर कडेने बारा बैल होते, एकामागे एक. पाठीवर लाल झूल, शिंगाला काचेचा बारका तुकडा. त्यांच्या पायांचे टाके लालीबाई सुईच्या टोकाने उसवत होती.

"याडी, चालता चालता उसवा की," मॅडम म्हणाल्या. तांड्यात तिला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत. दहा वर्षं तिथे शिकवून मॅडमच्याही तोंडात तेच बसलं होतं.

"चालता चालता सुई बोटात जाते. पोटात तं कालपासून गेलेलीच हाये."

झालं होतं असं. शाळेने प्रदर्शनासाठी विषय घेतला होता हलत्या चित्रांचा इतिहास. पोरं मोबाइलवर कार्टून पाहतात, पण ते सुरू कुठून झालं हे दाखवायचं. मॅडमनी वाचलं होतं की दोनेकशे वर्षांपूर्वी, सिनेमा नव्हता तेव्हा, बेल्जियममधल्या एका शास्त्रज्ञाने पुठ्ठ्याची चकती केली. तिच्यावर एकाच माणसाची बरीच चित्रं, दर चित्र आधीच्याहून जरासं वेगळं. कडेला फटी पाडलेल्या. चकती आरशासमोर फिरवायची, मागून फटींतून आरशात पाहायचं, की माणूस नाचताना दिसतो. तशी चकती तांड्याच्या भरतकामात करावी असं मॅडमच्या मनाने घेतलं. आणि भरतकाम म्हटलं की लालीबाई.

तिचा टाका मशीनला लाजवणारा. सातव्या वर्षी आई धुरपताबाईने हातात सुई दिली. एक टाका लांब पडला की अख्खी ओळ उसवायची, वर हातावर फटका. तेव्हापासून पंचावन्न वर्षं तिने नव्या नवरींचे घागरे भरले, पिशव्या भरल्या. बाहेरचे लोक माल घेऊन जात. तो कुठे जाई, कोण वापरी, तिला कधी कळलं नाही. रिकामी बसलेली तिला कोणी पाहिली नाही. कापूस वेचून आली की चुलीपुढेही मांडीवर कापड असायचंच. मॅडमचं ऐकून ती एवढंच म्हणाली, "म्हंजे माह्या हातचा बैल चालन?" आणि त्याच दिवशी साऱ्या तांड्याला सांगून आली.

मॅडमनी बारा चित्रं काढून दिली, दर चित्रात बैलाचे पाय थोडे सरकलेले. पंधरा दिवस लालीबाई त्यात बुडाली. काल दुपारी कापड पुठ्ठ्यावर कच्च्या टाक्यांनी बसवलं, अर्धा तांडा ओट्यावर जमला, तिने चकती फिरवली. आरशात बैल एकदम ठळक दिसला, आणि जागच्या जागी उभा.

"चारा टाक त्याले," तिचा नवरा किसनसिंग म्हणाला. "भुकेला असन." सगळे हसले.

मॅडमनी कापड डोळ्यांजवळ धरलं तेव्हा उलगडा झाला. बाराच्या बारा बैल तंतोतंत सारखे होते.

"अहो, चित्रात पाय पुढेमागे काढले होते ना मी?"

"तुमच्या चित्रात पाय कुठंच्या कुठं गेलते. मले वाटलं मॅडमले जमलं नाई. मी नीट करून देल्ले."

तेव्हापासून ती धड जेवली नव्हती. आज अकरा वाजता चार गावच्या लोकांसमोर चकती तीच फिरवणार होती, आणि बैल उभा राहिला तर तांड्यात परत कोणत्या तोंडाने जायचं, हा एकच घोर तिला लागला होता.

शेवटचा पाय उसवून ती उठली. दोघी चालू लागल्या.

"त्या चकतीवाल्या माणसाले पह्यल्यांदाच जमलं होतं का?"

"ते माहीत नाही. पण पुढे पॅरिसमध्ये एकाने शेकडो चित्रं हाताने रंगवली, लांब पट्टीवर. ती पडद्यावर हलवून दाखवायचा. लोक गर्दी करायचे. मग खरा सिनेमा आला आणि लोक तिकडे गेले. त्याने बहुतेक पट्ट्या नदीत फेकून दिल्या."

लालीबाई जागीच थांबली. "हातानं केलेल्या?"

"हो."

"त्याची बायको कुठं गेलती तवा? मी असती तं उशीत भरून ठेवल्या असत्या." कापड छातीशी धरून ती पुन्हा चालू लागली. "लोक हसले असन त्याले."

"हसले नाहीत. यायचेच थांबले."

"थे तं आनखीन वाईट," म्हणून तिने पाय उचलला.

मारुतीच्या पारापाशी मॅडमनी चप्पल काढून हात जोडले आणि मागितलं ते बैलासाठीच. वळून पाहतात तो लालीबाईने रस्त्यात तांड्यातल्या भावसिंगची बैलगाडी अडवलेली.

"अर्धं पाऊल चालव आन् थांबव."

"याडी, कापूस घेऊन चाललो मी. काहून अडवून राह्यली?"

"तुह्या मायची लग्नातली पिशवी कोनं भरली होती? चालव म्हनलं."

भावसिंगने मुकाट्याने चालवलं, थांबवलं, पुन्हा चालवलं. लालीबाई रस्त्यावर उकिडवी बसून पाय सांगायची, मॅडम खडूने कापडावर खुणा करायच्या. बारा खुणा झाल्या.

"जलमभर बैलामागं चालली मी," उठताना ती म्हणाली, "अन् मागचा पाय पुढच्याच्या खुरावर पडते, हे आज दिसलं."

भावसिंग म्हणाला, "आमच्या बैलाले आता चहा तरी पाजा," आणि निघून गेला.

पुढे महागावची पाण्याची टाकी दिसू लागली तिथे एका निंबाखाली ती भरायला बसली. पायाला तीन टाके, एका बैलाला चार पाय. हात भराभर चालत होता, पण मधेच खूण सोडून जुन्या जागी जाई. मग ती स्वतःच्याच मनगटावर चापट मारी, टाका ओढून काढी, परत घाली. मॅडम घड्याळाकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होत्या. सव्वादहाला अकरा बैल झाले.

बारावा दोनदा भरला. दोन्ही वेळा तो शेजारच्या पहिल्या बैलासारखाच उतरला. दोन्ही वेळा तिने उसवला. तिसऱ्यांदा सुई टेकवली आणि हात तसाच थांबला. मग तिने सुई मॅडमपुढे धरली.

"हा तुमी भरा."

"याडी, मला धड बटण लावता येत नाही. वाकडं होईल."

"होऊ द्या. बाजूले पह्यला बैल हाये, माहा हात त्याच्याकडंच धावते. पंचावन्न वर्षांची खोड, घंट्याभरात कशी जाईन? तुमचा हात त्याले वळखत नाई. खुणेवर टाके घाला. मी तिकडं तोंड करून बसते. अन् मी वळून नीट कराले मागितलं, तं मले देऊ नोका."